कॅनडात कुठल्या गावात जायचं? आणि टेबलावरची अॅक्टिव्हाची किल्ली

"पीआर आलाय मॅडम, मुलं लहान आहेत, टोरांटोला जाऊ का कॅलगरीला, का एखादं छोटं गाव बघू, तुम्हीच सांगा." (पीआर म्हणजे कॅनडात कायमचं राहायची परवानगी.) हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता समोरचा खुर्चीत बसायच्या आधीच मला कळतं. मी काही इमिग्रेशन कन्सल्टंट नाही हो, पुण्यात फॅमिली कौन्सेलिंग करते, पण लोक माझ्याकडे येतात कारण तोपर्यंत घरात दोन-तीन महिने धुसफूस झालेली असते आणि त्या धुसफुशीचं नाव असतं "शहर". त्यातलीच एक केस सांगते, दोघांना विचारून सांगतेय, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत आले होते. तो आयटीत, टीम लीड, ती फिजिओथेरपिस्ट, मुलगी साडेतीन वर्षांची आणि मुलगा सव्वा वर्षाचा. त्याने लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट दाखवली, भाडं, टॅक्स, नोकऱ्या, थंडी, क्राइम, इंडियन ग्रोसरी, सगळ्याचे रकाने, प्रत्येक शहराला दहापैकी मार्क आणि खाली बेरीज. कॅलगरी पहिलं आलं होतं. कॅलगरीच्या अल्बर्टात प्रांताचा सेल्स टॅक्स नाही, फक्त केंद्राचा ५ टक्के, टोरांटोच्या ओंटॅरियोत दोन्ही मिळून १३ टक्के, हे त्याने मला दोनदा सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "याचा मावसभाऊ टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला आहे, सासूबाई म्हणतात तिथेच जा, बेसमेंट रिकामं आहे. मला हॅलिफॅक्स आवडलं होतं, समुद्र आहे म्हणून, पण माझं मत फोटो बघून झालेलं आहे असं हा म्हणतो."

मी शीट बाजूला ठेवायला सांगितली आणि दोघांना एकेक कोरा कागद दिला. शहर विसरा म्हटलं, जानेवारीतला एक मंगळवार लिहा, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, घरातल्या प्रत्येक माणसाचा, कोण कुठे आहे, कशाने गेलं, सोबत कोण आहे. शनिवार-रविवार नको, सहलीत सगळीच शहरं छान असतात.

त्याने पाच मिनिटांत लिहून टाकलं. स्वतःच्या रकान्यात साडेआठ ते सहा एकच शब्द, "ऑफिस". मुलीच्या रकान्यात "शाळा". बायकोच्या रकान्यात "घर + मुलं + परीक्षेचा अभ्यास". तिचा कागद मात्र साडेआठपर्यंत भरलेला, डबे, दूध, तयारी, तो गाडी घेऊन गेला, आणि पावणेनऊच्या पुढे पान कोरं. पेन हातात धरून बसलीये. शेवटी म्हणाली, "मॅडम, गाडी तो घेऊन गेला. आता मी काय करू?"

तिची पर्स टेबलावर होती, बाजूला अॅक्टिव्हाची किल्ली, छोट्या गणपतीच्या कीचेनवाली. ती क्लिनिकला जायची तिच्यावर, मुलीला सोडायची तिच्यावर, भाजी, आईकडे, सगळं तिच्यावर. कारचं लायसन्स काढलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. पुण्यातल्या बाईची निम्मी स्वतंत्रता त्या किल्लीत असते आणि हे कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही. जिथे पाच महिने बर्फ असतो आणि दूध आणायलाही गाडी लागते तिथे पहिलं वर्ष तिचं काय होणार होतं याचा विचार ना त्याने केला होता ना तिने. बरं, ओंटॅरियोत नव्याने शिकणाऱ्याला आधी जी-वन हे लर्निंग लायसन्स, मग एकटीने गाडी चालवता येईल अशी पुढची टेस्ट द्यायला वर्षभर थांबायचं, मान्यताप्राप्त कोर्स केला तर आठ महिने. म्हणजे एक अख्खा हिवाळा गेलाच.

मग आम्ही त्या पावणेनऊपासून उलटं निघालो. तिला पायी किंवा बसने काय काय गाठता आलं पाहिजे? मुलीची शाळा, लायब्ररी, किराणा, धाकट्याला घेऊन बसता येईल अशी उबदार जागा. पुढच्या वेळी दोघं येताना याची माहिती काढूनच आले आणि भांडण नव्वद टक्के संपलेलं होतं, कारण आता दोघं एकाच कागदावर बोलत होते.

त्यात शाळेचा मुद्दा सगळ्यात मोठा निघाला. ओंटॅरियोत ज्या वर्षी मूल चार पूर्ण करतं त्या सप्टेंबरात ते ज्युनिअर किंडरगार्टनला जातं, पूर्ण दिवस आणि सरकारी शाळेत फुकट. अल्बर्टात किंडरगार्टन एक वर्ष उशिरा, आणि बऱ्याच ठिकाणी अर्धाच दिवस. लेक जुलैत चारची होणार, म्हणजे कॅलगरीत ती आणखी एक वर्ष घरी किंवा डेकेअरमध्ये, ओंटॅरियोत सप्टेंबरपासून शाळेत. (हॅलिफॅक्सलाही चार वर्षांच्या मुलांना फुकट प्री-प्रायमरी आहे, तेव्हा बायकोचं मत अगदीच फोटोवरचं नव्हतं, हे मी त्याला मुद्दाम ऐकवलं. पण तिथे त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं आणि त्याच्या कामाच्या जागाही कमी, म्हणून तिनेच सोडलं.) धाकट्याच्या डेकेअरला ओंटॅरियोत सरकारी योजनेतल्या सेंटरमध्ये दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर घेतात, ऐकायला मस्त, पण जागा मिळायला वेटिंग लिस्ट असते, तिकीट काढायच्या आधीच नाव घालायचं असतं हे कुणी सांगत नाही.

ब्रॅम्प्टनचं म्हणाल तर तिथे आपली माणसं, आपलं सामान, देऊळ, सगळं आहे, पण गाडीचा इन्शुरन्स तुमच्या पोस्टल कोडवर ठरतो आणि ब्रॅम्प्टन त्यात महागड्यांपैकी. तिचं खरं म्हणणं वेगळंच होतं, ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं, नात्यातल्या माणसाच्या बेसमेंटमध्ये राहायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून उपकाराखाली. जाऊबाईंशी तिचं चांगलं होतं आणि ते तसंच राहावं अशी इच्छा होती. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

शेवटी ठरलं किचनर, ओंटॅरियोतलंच. वॉटर्लूला चिकटलेलं गाव, आयटी कंपन्या आहेत, युनिव्हर्सिटी आहे, आणि २०१९ पासून आयन नावाची ट्राम आहे जी दोन्ही गावांमधून जाते. ट्रामच्या स्टॉपपासून चालत दहा मिनिटं आणि शाळा त्याच बाजूला, एवढ्याच पट्ट्यात घर बघायचं असं त्यांनी नकाशावर पेनने आखून घेतलं. तिथे शाळा पत्त्यावरून मिळते, त्यामुळे घर आधी की शाळा आधी हा वाद नसतो, एकच गोष्ट आहे ती. मावसभाऊ किचनरहून जाणाऱ्या गो ट्रेनच्या (आपल्या लोकलसारखी गाडी) लाइनवरच, तासाभराच्या अंतरावर, सणाला जाऊन येण्याइतका जवळ आणि रोज टपकणार नाही इतका लांब.

हे सगळं त्यांना जमलं कारण त्यांचा पीआर थेट एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीतून होता. तुमचा जर एखाद्या प्रांताच्या नॉमिनेशनमधून, म्हणजे प्रांताने तुमचं नाव सुचवून आलेला असेल तर तिथे राहायचा इरादा तुम्ही लिहून दिलेला असतो, मग प्रश्न "कुठला प्रांत" हा नसतो, त्या प्रांतातलं कुठलं गाव एवढाच असतो. आणि सडबरी, थंडर बे, ब्रँडन, मूस जॉ अशा गावांची २०२५ ला सुरू झालेली वेगळी योजना आहे तिला तिथल्याच एम्प्लॉयरची ऑफर लागते, त्यात तर गाव तुम्हाला निवडतं. तरी मंगळवारचा कागद लिहाच, निदान घर कुठल्या गल्लीत घ्यायचं ते कळेल.

तिला मी एक काम लावलं होतं, फिजिओचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तिथे काम करण्यासाठी इथल्या डिग्रीची असेसमेंट, इथूनच सुरू कर. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला तिकडून फोन करत बसण्यापेक्षा इथून एकदा एसटीने जाऊन आलेलं बरं. ती गेली, दोनदा जावं लागलं.

जूनच्या शेवटी गेले. सप्टेंबरात तिचा व्हॉइस मेसेज आला, मुलगी शाळेत, आणि अर्लीऑन म्हणून एक सेंटर आहे, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना घेऊन आईबापांनी फुकट जाऊन बसायचं, खेळणी, गाणी, तिथे तिला एक इराणी आणि एक केरळची अशा दोन मैत्रिणी मिळाल्या. पावणेनऊनंतरचं पान भरलं होतं. मी खूश. चुकले ती इथेच.

नोव्हेंबरात सेशन मागितलं ते त्याने. व्हिडिओवर दाढी वाढलेली. चार महिने नोकरी नाही, इंटरव्ह्यू होतात, पुढे काही होत नाही. म्हणाला, "सकाळी साडेआठला हिला कामं असतात, मुलीला शाळा, धाकट्याला ते गाण्यांचं सेंटर, आणि मी लॅपटॉपसमोर. मॅडम, माझ्या रकान्यात तुम्ही काही विचारलंच नव्हतं."

खरंच नव्हतं विचारलं. त्याने "ऑफिस" लिहिलं आणि मी पुढे गेले. नोकरी मिळेपर्यंतचा मंगळवार त्याचा कसा असेल, टीम लीड म्हणून रोज पंधरा माणसं ज्याला विचारून काम करायची त्याला दिवसभरात एकही फोन येणार नाही तेव्हा काय होईल, हे मला सुचायला हवं होतं. बायकोचं एकटेपण मला दिसलं कारण ते कागदावर कोरं दिसत होतं, त्याचं एका शब्दाखाली झाकलेलं होतं. आता मी प्रत्येक जोडप्याला दोन मंगळवार लिहायला लावते, एक नोकरी असलेला आणि एक नसलेला, आणि दुसरा आधी.

मग त्याचा कागद आम्ही नव्याने लिहिला. मुलीला शाळेत सोडायचं काम त्याच्याकडे, तिला ते स्नोपँट, बूट, हातमोजे घालायला पंधरा मिनिटं लागतात आणि घालून झाल्यावर तिला शूला जायचं असतं. दहा ते एक लायब्ररीत बसून अर्ज, घरात नाही. नवीन आलेल्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारी सेंटर असतात, तिथल्या बाईने त्याचा तीन पानी बायोडेटा दोन पानांचा केला, त्याला तो अपमान वाटला होता, नंतर पटलं. आणि संध्याकाळी सातला आईला फोन करायचा नाही, कारण तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच असतात आणि त्या माउली फोनसाठी उठून बसायच्या. सकाळी आठला करायचा, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. (कॅलगरीला संध्याकाळी सातला फोन केला तर पुण्यात सकाळचे साडेसात, दिवसभराचं सांगून झालं की आजीचा चहा, हा एक मार्क कॅलगरीला द्यायला हवा होता.)

फेब्रुवारीत त्याला सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट लागलं, पगार मनासारखा नाही. ती असेसमेंटच्या निकालाची वाट बघतेय आणि गाडी शिकतेय. परवा फोनवर दोघांचं भांडण ऐकू येत होतं, छान खणखणीत, की शेजारच्या सीटवर बसून हा सारखा पाय दाबतो. "मॅडम, त्याच्या बाजूला ब्रेक नाहीये, सांगा ना त्याला."