रमीत वेळ खाऊ नका

ऑनलाइन तेरा पानी रमीत विचार आपला टर्न येण्याआधी, समोरचा खेळत असतानाच करा. नको असलेलं पान आधी ठरलं असेल तर उचलून टाकायला पाच सेकंद पुरतात. हात वाईट आला म्हणून रागाने घड्याळ संपवत बसणं म्हणजे सगळ्या टेबलाला वेठीला धरणं. प्युअर सिक्वेन्सची (जोकरशिवाय जुळलेली, एकाच जातीची, उदा. सगळी बदामची, सलग तीन-चार पानं) चिन्हंच नसतील तर पहिल्याच टर्नला, पान उचलण्याआधी ड्रॉप करा, म्हणजे डाव सोडा: पॉइंट्स रमीत (एकाच डावात निकाल लागणाऱ्या प्रकारात) दंडाचे २० गुण बसतात, नंतर सोडलात तर ४०, अडकलात तर ८० पर्यंत. कोणी डिक्लेअर केलं (आपली सगळी पानं लागल्याचं जाहीर केलं) की आपली पानं लावून लगेच पाठवा. निकाल तुमच्यासाठी अडलेला असतो. आणि समोरचा थांबला तर लगेच टोमणे नकोत, बिचाऱ्याचं नेटही गेलेलं असू शकतं.