संगणक-शंका : व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट मिळेना

प्रश्न : विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) उबुंटू लिनक्स टाकलं आहे. नेटवर्क 'ब्रिज्ड'वर ठेवलंय. घरी छान चालतं, पण हॉस्टेलच्या वायफायवर लॅपटॉपला नेट असूनही उबुंटूला मिळत नाही. नेटवर्क कार्डात बिघाड आहे का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : कार्ड ठणठणीत आहे. ब्रिज्डमध्ये उबुंटू राउटरसमोर स्वतंत्र संगणक म्हणून उभं राहतं आणि स्वतःसाठी वेगळा आयपी पत्ता मागतं. घरचा राउटर तो मुकाट्याने देतो. हॉस्टेलमध्ये बहुधा नोंदलेल्या किंवा लॉगिन केलेल्या यंत्रालाच वाट मिळते, आणि तुमचं लॉगिन लॅपटॉपचं आहे, उबुंटूचं नाही. शिवाय वायफायचा ॲक्सेस पॉइंट एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) धरून चालतो. व्हर्च्युअलबॉक्स पत्त्यांची अदलाबदल करून त्यातून मार्ग काढतो खरा, पण ही कसरत प्रत्येक वायफायवर जमत नाही.

उपाय सोपा आहे. व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क' उघडा, ॲडॉप्टर १ ला (म्हणजे तिच्या आभासी नेटवर्क कार्डाला) 'ब्रिज्ड'ऐवजी 'नॅट' निवडा आणि 'केबल कनेक्टेड'वर टिक आहे ना, तेही बघून घ्या. व्हीएम चालू असतानाही हा बदल करता येतो, फक्त नंतर उबुंटूमधली जोडणी एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुनाच पत्ता चिकटून राहतो. नॅटमध्ये उबुंटूचं सगळं बोलणं लॅपटॉपच्या नावावर बाहेर जातं. हॉस्टेलच्या नेटवर्कला दुसरं यंत्र दिसतच नाही.

तरीही नेट नसेल तर अंदाजाने बटणं दाबत बसू नका, क्रमाने तपासा. टर्मिनलमध्ये 'आयपी ए' (ip a) ही आज्ञा द्या. १०.०.२.१५ दिसलं पाहिजे. पत्ताच नसेल तर गेस्टमध्ये (आतल्या उबुंटूत) डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप मिळवण्याची सोय, बंद आहे किंवा ती केबलची टिक गेली आहे. पत्ता असेल तर १०.०.२.२ ला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते विचारा. हा व्हर्च्युअलबॉक्सचा गेटवे, बाहेर जायचं दार. मग ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर). आकड्याला उत्तर येतं पण संकेतस्थळाचं नाव उघडत नाही, म्हणजे घोळ नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा. व्हीएम चालू असताना होस्टवर (म्हणजे लॅपटॉपवर) व्हीपीएन सुरू केलं किंवा वायफाय बदललं की हे हमखास होतं. व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केली की बहुतेक वेळा सुटतं. एक मात्र ध्यानात ठेवा : काही कॉलेजांचे फायरवॉल पिंगच अडवतात, म्हणून ८.८.८.८ गप्प राहिला तरी ब्राउझर उघडून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

प्रश्न : एका व्हीएमचा क्लोन (हुबेहूब प्रत) करून दोन सर्व्हर बनवले. दोन्ही नॅटवर आहेत, दोघांचाही पत्ता १०.०.२.१५. एकमेकांना पिंग होत नाही.
– वाचक, नाशिक

उत्तर : साध्या नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमला स्वतःचा वेगळा राउटर मिळतो. दोघी दोन बंद खोल्यांत आहेत आणि दोन्ही खोल्यांचा क्रमांक एकच. तुम्हाला हवं ते 'नॅट नेटवर्क'. नाव सारखं वाटलं तरी प्रकार निराळा. व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीतल्या टूल्समधून नेटवर्कमध्ये जा, 'नॅट नेटवर्क्स'मध्ये नवं नेटवर्क बनवा, डीएचसीपी चालू ठेवा. मग दोन्ही व्हीएमना ॲडॉप्टरमध्ये तेच नेटवर्क द्या.

आता क्लोनची मेख. क्लोन करताना सगळ्या कार्डांना नवे मॅक पत्ते देण्याचा पर्याय निवडला नसेल, तर दोघींचा मॅक एकच राहिला असेल. व्हीएम बंद करून नेटवर्कच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात मॅकशेजारचं गोल बाणाचं बटण दाबा. उबुंटू सर्व्हरला एवढंही पुरत नाही : तो डीएचसीपीला मॅकऐवजी मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख देतो आणि क्लोनमध्ये ती जशीच्या तशी उतरते, म्हणून दोघींना पुन्हा एकच पत्ता मिळतो. क्लोनमधली 'ईटीसी' फोल्डरातली 'मशीन-आयडी' फाइल (/etc/machine-id) रिकामी करा (खोडू नका) आणि रीबूट करा. नवी ओळख आपोआप तयार होते.

प्रश्न : व्हीएममध्ये जँगोचा (पायथनमध्ये संकेतस्थळं बनवण्याची चौकट) प्रकल्प चालू आहे. नॅट आहे, पोर्ट फॉरवर्डिंगही (लॅपटॉपवर आलेली विनंती व्हीएमकडे पाठवण्याची सोय) केलं, तरी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पान उघडत नाही.
– वाचक, पुणे

उत्तर : जँगोचा रनसर्व्हर (चाचणीचा सर्व्हर) वेगळं सांगितल्याशिवाय फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे व्हीएमच्या आतल्या आतच. फॉरवर्ड केलेली विनंती बाहेरच्या कार्डावरून येते, तिला दार बंद. सर्व्हर ०.०.०.०:८००० वर, म्हणजे सगळ्या कार्डांवर ऐकेल असा, सुरू करा. फॉरवर्डिंगच्या तक्त्यात होस्ट पोर्ट ८०००, गेस्ट पोर्ट ८००० आणि होस्ट आयपीच्या रकान्यात १२७.०.०.१ लिहा. तो रकाना बरेच जण रिकामा सोडतात. मग फायरवॉलने अडवलं नाही तर त्याच वायफायवरच्या कुणालाही तुमचं अर्धवट काम उघडता येतं. मोबाइलवर मुद्दाम चाचणी घ्यायची असेल तेव्हाच रिकामा ठेवा, आणि जँगोच्या सेटिंग्जमधल्या 'अलाउड होस्ट्स' (ALLOWED_HOSTS) यादीत लॅपटॉपचा पत्ता घाला.

प्रश्न : जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज एक्सपीची व्हीएम केली. तिला नेटवर्क कार्डच दिसत नाही.
– दुकानदार, इचलकरंजी

उत्तर : व्हर्च्युअलबॉक्स सहसा देतो त्या इंटेल प्रो/१००० एमटी डेस्कटॉप कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीत नाही. व्हीएम पूर्ण बंद करा ('सेव्ह स्टेट' चालणार नाही) आणि ॲडॉप्टर प्रकारात 'प्रो/१००० टी सर्व्हर' निवडा. ते एक्सपी ओळखतं. पण एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. सॉफ्टवेअरला नेट लागतच नसेल तर ॲडॉप्टर बंदच राहू द्या आणि फाइल पेन ड्राइव्हने ने-आण करा. त्यासाठी यूएसबी कंट्रोलर २.० ठेवा, ३.० चा ड्रायव्हरही एक्सपीत नाही.