डबल बास : डावा पाय मागं का पडतोय?

प्रश्न : नमस्कार सर, मी खानापूरचा. दीड वर्ष झालं ड्रमसेटवर डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवायची पेडलची जोडी) वाजवूलालोय. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) सिक्सटीन्थ (मात्रेला चार ठोके) कसंतरी जातात, पण १४० च्या वर गेलं की डावा पाय मागं पडतोय आणि सगळं लंगडं ऐकू येतंय. मित्र म्हणतात स्प्रिंग टाईट कर, नाहीतर भारीतलं पेडल घे. क्लाससाठी रोज बेळगावला येणं जमत नाही. काय करू?

उत्तर : आधी पैसे खिशात ठेव. १२० ला "कसंतरी" जातात असं तूच लिहिलायस, आणि दुखणं तिथंच आहे, १४० ला ते नुसतं उघडं पडतंय. हिशोब बघ, १२० ला सिक्सटीन्थ म्हणजे सेकंदाला ८ ठोके, एका पायाला ४, आणि दोन ठोक्यांत अंतर १२५ मिलिसेकंद. आता समज उजव्यानंतर डावा १४० मिलिसेकंदांनी आला आणि डाव्यानंतर उजवा ११० मिलिसेकंदांनी, तर बेरीज तेवढीच होते, उजवा क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) बरोबर बसतो आणि आपल्याला वाटतं जमलं की. १४० ला तेच अंतर १०७ वर येतं, मग डाव्याला रेंगाळायला जागाच उरत नाही.

खात्री करायची असली तर मोबाईल बास ड्रमजवळ ठेवून रेकॉर्ड कर आणि कुठल्याही फुकटच्या एडिटिंग ॲपमध्ये उघड. ठोके उभ्या रेघांसारखे दिसतात. सारख्या अंतरावर असले तर उत्तम, जोडी-जोडीनं दिसले तर डावा उशिरा येतोय, आणि एक मोठी एक बारकी रेघ दिसली तर डाव्याचा जोर पण कमी आहे. बहुतेकांचं दोन्ही असतं.

डावाच का मागं राहतो, तर उजवा हात राईडवर (मोठ्या झांजेवर) एट्थ (मात्रेला दोन ठोके) वाजवत असतो आणि उजवा पाय त्याच्या बरोबरच पडतो, त्याला सोबत आहे. डावा पाय मधल्या मोकळ्या जागेत एकटा पडतो, त्याला धरायला कुठला हात नाही. म्हणून हे कर, राईडवर उजव्या हातानं एट्थ चालू ठेव, उजवा पाय पूर्ण बंद, आणि डावा पाय नुसत्या मधल्या जागांत मार. ८० नं सुरू कर. पहिले काही दिवस लई विचित्र वाटेल, पाय सारखा हाताला जाऊन चिकटायला बघेल, चिकटला की थांबायचं आणि परत सुरू करायचं. हे बसलं की अर्धं काम झालं असं मी मनापासून सांगतो.

त्याच्या जोडीला माझा सगळ्यात आवडता व्यायाम, स्नेअरवर (समोरच्या चपट्या ड्रमवर) दोन्ही हातांनी उजवा-डावा सिंगल (एकाआड एक ठोका), आणि खाली पायांनी पण तेच. हात-पाय एकदम पडले तर एकच जाड ठोका ऐकू येतो, पाय जरा जरी मागं-पुढं झाला की लगेच फ्लॅम (एकाला चिकटून दुसरा ठोका) कानाला लागतो. यात मास्तर लागत नाही, कानच सांगतो. काही बार डाव्यानं सुरू करून पण वाजव, गाण्यात नाही वाजवलंस तरी चालतंय. तबल्याचा रियाज करणारी पोरं ठाय लयीत बोल साफ झाल्याशिवाय दुगुनीला हात घालत नाहीत, तीच शिस्त इथं पाहिजे. दोन मिनिटं सलग सारखं वाजलं तरच दोन-तीन बीपीएम वाढव, बिघडलं की खाली ये, त्यात कमीपणा काही नाही.

अजून एक. १५० च्या सिक्सटीन्थ म्हणजे एका पायाला १५० च्या एट्थ, एवढंच. डावा पाय एकटा ते एक मिनिट ओढू शकतो का बघ. नाही ओढला तर दोन्ही पाय मिळून पण ओढणार नाहीत.

आता १३० ते १६० चा पट्टा, इथं सगळेच अडकतात. हळू असताना आपण मांडीतून अख्खा पाय उचलून मारतो, वर गेल्यावर ते झेपत नाही, घोट्यातून मारावं लागतं, आणि मधल्या टेम्पोला पायाला कळत नाही कुठल्या पद्धतीनं मारू, मग अंग ताठ होतं. उपाय म्हणजे एकाच टेम्पोला दोन्ही पद्धती वेगवेगळ्या वाजवायच्या. घोट्याच्या ठोक्याला पाय फूटबोर्डवर (पेडलच्या पट्टीवर) जरा मागं घे, चवडा पेडलवर, टाच थोडी वर, मांडी जवळजवळ स्थिर. स्टूल पण बघ, मांड्या गुडघ्याकडं किंचित उतरत्या पाहिजेत. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे होत नाही.

स्प्रिंगचं म्हणशील तर टाईट केली की बीटर (ड्रमवर आदळणारा दांडा) परत लवकर येतो पण प्रत्येक ठोक्याला ताकद जास्त लागते. त्याआधी दोन्ही बीटर सारखे मागं ओढून सोड आणि झोके बघ. डावीकडची ताकद दोन पेडल जोडणाऱ्या मधल्या रॉडमधून जाते म्हणून ती बाजू थोडी जड असतेच, पण झोके फारच लवकर थांबत असतील तर रॉडचे सांधे तपास. खानापूरच्या पावसाळ्यात ते गंजतात, मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. स्क्रू ढिले झालेत का ते ड्रम कीनं बघून घे.

प्रश्न : दादा, मी निपाणीहून. दोन बास ड्रम घेतले तर स्पीड वाढेल का? आणि घर गल्लीत आहे, शेजारी लगेच बोलतात.

उत्तर : स्पीड पायात असतो ताई, ड्रम वाढवून तो वाढत नाही. दोन बास ड्रमची पद्धत जुनी आहे, लुई बेलसननं १९५० च्या दशकात ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये ते वाजवले, पण दोन ड्रम एकसारखे ट्यून ठेवणं ही वेगळीच डोकेदुखी. डबल पेडलला दोन्ही ठोके एकाच ड्रमवर पडतात, त्यामुळं फरक असला तर तो पायाचा आहे हे कळतं. आवाजासाठी रबरचं किक पॅड घे. नुसत्या उशीवर मारू नकोस, उशी बीटर परत फेकत नाही, म्हणून ताकद येते पण रिबाऊंडची सवय जाते. आठवड्यातून एकदा तरी खऱ्या ड्रमवर बस. गणपतीत गल्लीत एवढा आवाज असतो की तुला कोण बोलणार नाही, तेव्हा मनसोक्त वाजवून घे.

प्रश्न : मी चिकोडीचा, वय ४५, ऑर्केस्ट्रात वाजवतो. डबल पेडल सुरू केल्यापासून नडगी दुखतेय. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका हो. बहुतेक तुम्ही दोन ठोक्यांच्या मधेसुद्धा पंजा वर ताणून धरताय, त्यामुळं नडगीच्या पुढच्या स्नायूला विश्रांती मिळत नाही. ठोका झाला की पाय पेडलवर सैल टेकू द्या, पेडलच त्याला वर आणतो. सुरुवातीला पाच मिनिटं वाजवा, दोन मिनिटं थांबा, आणि बसण्याआधी पोटऱ्या ताणून घ्या. वाजवताना जळजळ होऊन थांबल्यावर गेली तर ती दमणूक आहे, पण एकाच जागी टोचत असेल किंवा दुसऱ्या दिवशी चालताना दुखत असेल तर वाजवणं बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना पेडल कसं मारता ते बसून दाखवा, नुसतं "पाय दुखतोय" म्हणू नका.