दुसरा दिवस तुमचा ठेवा

दादा, तुमचं डायलिसिस (मशीनवर रक्त शुद्ध करणं) सुरू झाल्याचं वाचलं. आठवड्याला 3 दिवस, दर वेळी सुमारे 4 तास, हे ऐकून मीही खचले होते. इंदूरच्या राजवाड्यावरून घरी येताना रिक्षात रडू यायचं. मशीनवरून उतरल्यावरचा थकवा खरा असतो, तो आळस नव्हे. त्या दिवशी पाहुणे, कामं ठेवूच नका. दुसरा दिवस मात्र तुमचा. मी तेव्हा भिशीला जाते, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर मारते, दिवसभरात किती पाणी प्यायचं याचा हिशेब घरूनच करून निघते.

दोन आठवडे झोप, भूक, बोलणं सगळंच नकोसं झालं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. डायलिसिसवर नैराश्य खूप जणांना येतं, त्यावर उपचार आहेत. गोळी मनाने घेऊ नका, किडनीमुळे मात्रा बदलावी लागते. आणि वहिनींना एकदा विचारा, त्या कशा आहेत.