‘जुनी मराठी शिकून पगार कोण देणार?’

“मॅडम, जी भाषा आता कुणी बोलत नाही, ती शिकून जिवंत माणसाला पगार कोण देणार?”

माझ्याकडं सल्ला विचारायला आलेल्या एका मुलीच्या बाबांनी खुर्चीत टेकता टेकताच प्रश्न टाकला आणि खिशातली छोटी डायरी टेबलावर ठेवली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान. डायरीत एम.ए.ची दोन वर्षं, पुढं पीएच.डी.ची चार-पाच, होस्टेल, मेस असा सगळा हिशेब मांडलेला, आणि बेरजेच्या खाली एकच शब्द : ‘मग?’

शेजारी मुलगी. तिला इथं मृणाल म्हणते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय २३, बी.एस्सी. रसायनशास्त्र, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी. तिला आता मध्ययुगीन मराठी घेऊन एम.ए. करायचं होतं. हे खूळ आलं कुठून, तर २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा यांच्याही घरातले जुने कागद माळ्यावरून खाली आले. सगळे मोडी या जुन्या मराठी लिपीत. वाचणारे गृहस्थ जिल्ह्याच्या गावी, आणि त्यांच्या दारात ही गर्दी. बापलेक दोन दिवस तिथं बसून होते. “आपल्याच पणजोबांचा कागद, आपलीच भाषा, आणि मला एक अक्षर लागेना,” मृणाल म्हणाली. त्या दोन दिवसांत एवढंच एक वाक्य ती मनाशी घोळवत होती असं वाटलं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. बाबांच्या ‘मग?’ला उत्तर द्यायला बसले. उत्तर खोटं नव्हतं, म्हणून इथंही सांगते. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला बऱ्याच विद्यापीठांत मराठीच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. त्या त्या विद्यापीठाची अट तेवढी बघून घ्यायची. एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) मिळवून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास झाली की सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये, वर घरभाडं; पहिल्या दोन वर्षांनंतर ४२ हजार. जेआरएफला वयाची अट साधारण ३० ची, राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत, म्हणजे मृणालच्या हातात वेळ होता. मात्र जेआरएफ मोजक्यांनाच मिळते. प्राध्यापकांच्या कायम जागा वर्षानुवर्षं रखडतात, आणि नेट-सेट झालेली कितीतरी मुलं तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, या कॉलेजातून त्या कॉलेजात धावताना मी रोज बघते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, याचा आनंद आहेच. पण त्या बातम्यांवर घरचं बजेट बसवू नका, असंही मी बाबांना सांगितलं.

बाबा डायरीत लिहीत गेले. निघताना म्हणाले, “निदान खरं तरी सांगितलंत.” मला वाटलं, काम झालं.

आठ दिवसांनी मृणाल एकटीच आली. बराच वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसली. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही बाबांशी बोललात. माझं राहिलं. मला हे सगळं खरंच आवडतं, की लॅबचा कंटाळा आला म्हणून आवडतं?”

या विषयाकडं वळणारी जी मुलं माझ्याकडं येतात, त्यांतल्या निम्म्या-अधिकांची खरी काळजी ही असते. नोकरीचा प्रश्न घरचे विचारतात म्हणून तो आधी टेबलावर येतो. कुणाला लहानपणी ऐकलेल्या ओव्या आवडतात, कुणाला किल्ले, कुणाला मालिकेतले दरबार. आवड खरी असते. पण एम.ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरी ऐकायची नसते, तर १२९० च्या सुमाराची भाषा उलगडायची असते : ‘म्हणे’ आणि ‘म्हणौनि’ यांचं व्याकरण, पाठभेद, एका पोथीत एक शब्द आणि दुसरीत दुसरा का, याची खटपट. ज्याला हे किचकट काम गोड लागतं त्यानं यावं. बाकीच्यांनी ओव्या घरी वाचाव्यात. त्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, “सहा आठवडे काहीच ठरवू नको. नोकरी सोडू नको. शनिवार-रविवारचा मोडीचा वर्ग लाव. आणि नेटच्या मराठीच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बघ, कुठले प्रश्न वाचून पुढं जावंसं वाटतं आणि कुठले टाळावेसे.” पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, राज्याचा पुराभिलेख विभागही घेतो. आता ऑनलाइन वर्गही भरपूर आहेत.

मोडी बाहेरून दिसते तेवढी अवघड नाही आणि वर्गात वाटते तेवढी सोपी नाही. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत न्यायची. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. वर प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. कागद वाचता यायला वर्ष जातं. अनेक जण पहिल्या खऱ्या कागदाशी गळतात.

चौथ्या आठवड्यात रात्री साडेनऊला मृणालचा फोन. एरवी मी त्या वेळी घेत नाही. “मॅडम, तारीख अरबीत आहे!” वर्गात पेशवाईतल्या एका पत्राची प्रत दिली होती आणि ती दोन दिवस एकाच ओळीवर अडली होती : ‘खमस खमसैन मया व अलफ’. मराठी म्हणून वाचायला जावं तर काही लागेना. मग कळलं, हे आकडे आहेत. खमस पाच, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. झाले ११५५. हा शुहूर सन, जुन्या कागदांतली एक कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७५४-५५. पुढं ‘छ’ दिसला की चंद्राची तिथी. ती हे सांगत होती आणि मला ऐकू येत होतं की तिला झोप येणार नाहीये.

या विषयाच्या जाहिरातीत जे सहसा सांगत नाहीत, ते तिला त्या रात्री आपोआप कळलं : मध्ययुगीन मराठी शिकायची तर एकट्या मराठीवर भागत नाही. संस्कृत थोडं, फारसी बरीच, महानुभाव पंथाच्या पोथ्यांकडं जायचं तर त्यांची सकळ ही सांकेतिक लिपी, आणि गोव्याकडं वळायचं तर पोर्तुगीज. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं क्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे, पण १६१६ साली ते छापलं गेलं रोमन लिपीत. ज्याच्या हाती यातली दोन हत्यारं असतील त्याला काम मिळतं. पुराभिलेखागारं आहेत, जुन्या जमिनीच्या दाव्यांचे वकील आहेत, संशोधन प्रकल्प आहेत, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आहेत. नुसती एम.ए.ची गुणपत्रिका घेऊन फिरणाऱ्याला मात्र बाबांचा ‘मग?’ विचारला जातोच.

नेटच्या प्रश्नपत्रिकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. पंडिती काव्याच्या प्रश्नांवर मृणाल जांभया देत होती. बखरी आणि पत्रव्यवहार आला की सरसावून बसत होती. मी तिला इतिहासाच्या एम.ए.चाही पर्याय दाखवला. तिनं दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. “मला त्यात काय घडलं यापेक्षा ते कसं लिहिलंय ते बघायचंय.” हे ऐकल्यावर मला तिला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

तिसऱ्या भेटीला बाबा परत आले. मी त्यांच्या दुकानाच्या वहीतले शब्द विचारले. जमा, खर्च, बाकी, वसूल. सगळे फारसीच्या वाटेनं आलेले, हे मृणालनं सांगितलं. त्यांना फारसं विशेष वाटलं नाही. पण शुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो म्हटल्यावर ते पुढं सरकले. “मृगाला? म्हणजे आमच्या दुकानाचंच वर्ष की! आमचीही उलाढाल मृगालाच सुरू.” मग डायरी उघडून त्यांनी मोडी वाचणारे पानाला किती घेतात ते विचारलं. मृणालनं सांगितलेला दर लिहून घेतला, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘सध्या’ असंही लिहिलं. व्यापारी माणूस.

ठरलं ते असं : नोकरी आणखी एक वर्ष, त्यातले पैसे बाजूला, तोवर मोडी पक्की आणि फारसीची सुरुवात, मग एम.ए. नेट दोनदा देऊन बघायची. नाही जमलं तर लॅबकडं परतायचा रस्ता उघडा, कारण बी.एस्सी.ची पदवी कुठं जात नाही. ही शेवटची अट मृणालनंच घातली, बाबांनी नाही.

सध्या ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. माळ्यावरचा राहिलेला एक कागद तिनं सुट्टीत वाचून दिला होता. पणजोबांचा कर्जरोखा निघाला.

“शेकडा दोन रुपये व्याज, मॅडम, तेही दरमहा. आणि आमच्याकडं लोक खत उधारीवर नेतात, मी एक पैसा व्याज लावत नाही, तरी बुडवतात.”