नाशिकमध्ये घरच्या सीताफळाला मे महिन्यात भरपूर फुलं येतात, पण सगळी गळतात. झाडाला रोग आहे का?

रोग नाही, परागीभवन होत नाहीये, आणि मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ते होणं अवघडच. सीताफळ, रामफळ, हनुमानफळ हा सगळा अ‍ॅनोना वंश. यांच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात, त्यामुळे एकाच फुलात सहसा जमत नाही. मधमाश्या इकडे फारशा फिरकत नाहीत, हे काम बारीक भुंगेरे करतात. त्यात हवा कोरडी असली की स्त्रीकेसराचं चिकट टोक लवकर सुकतं. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर आलेली फुलं जास्त धरतात. तोवर थांबायचं नसेल तर हाताने करा:

- पहाटे पूर्ण उमललेल्या फुलातली पिवळट भुकटी मऊ ब्रशने वाटीत झाडून घ्या.
- पाकळ्या जेमतेम विलग झालेल्या फुलाच्या मधल्या ओलसर टोकावर ती हलकेच फिरवा. ऊन चढायच्या आत.

झाड बी लावून वाढवलेलं आणि तीन वर्षांच्या आतलं असेल तर मात्र ही खटपट नको. फूल आलं तरी फळ पेलायला ते अजून लहान आहे. आणि फुलं गळतात म्हणून युरिया टाकू नका, नुसता पाला वाढेल.