वाचकांचे प्रश्न : मैदान आधी उघडावे की सर्वांत शेवटी?

२५ जून २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने करोना विषाणूच्या ‘डेल्टा प्लस’ या प्रकाराचा धोका लक्षात घेऊन सर्वच जिल्ह्यांना निर्बंधांच्या पाच स्तरांपैकी किमान तिसऱ्या स्तराचे निर्बंध लागू केले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मैदानी खेळांचा विषय वरचेवर येऊ लागला. मैदाने तत्काळ खुली करा असे म्हणणारे वाचक होते आणि इतक्यात हा विषय काढणेही अकाली आहे असे बजावणारेही होते. त्यांतील काही पत्रे, त्या वेळच्या उत्तरांसह, संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलाच्या मागे मोठे मैदान आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगा तेथे क्रिकेटचा सराव करीत असे. एप्रिलपासून मैदानाच्या फाटकाला कुलूप आहे. समितीच्या बैठकीत ते उघडण्याचा विषय निघाला, तेव्हा निम्म्या सभासदांनी, एका मुलामुळे सगळे संकुल बाधित होईल, असे म्हणून विरोध केला. मुले मात्र जिन्यात आणि वाहनतळात घोळका करून बसतातच. आम्ही काय भूमिका घ्यावी? (एक पालक, ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्रातील जिन्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुलूप लागल्याने मुले एकमेकांपासून दूर गेलेली नाहीत, ती फक्त मोकळ्या जागेतून कोंदट जागेत आली आहेत. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बोलताना, ओरडताना, धापा टाकताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंदिस्त खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि साचत जातात. उघड्यावर ते पाहता पाहता विरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या एप्रिलअखेरीस आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे महिन्यात हवेतून होणाऱ्या या प्रसाराला आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट स्थान दिले. आपल्याकडे मात्र हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा खिडक्या उघडण्यावर कधीच दिला गेला नाही.

आकडेही याच दिशेचे आहेत. आयर्लंडमध्ये २४ मार्च २०२१ पर्यंत नोंदल्या गेलेल्या २,३२,१६४ रुग्णांपैकी केवळ २६२ जणांचा संसर्ग उघड्यावरच्या प्रसाराशी जोडता आला, म्हणजे हजारात एक. चीनमधील संशोधकांनी साथीच्या आरंभीच्या ७,३२४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांत उघड्यावर झालेल्या प्रसाराची एकच घटना सापडली आणि तिच्यात दोनच रुग्ण होते. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या दुसऱ्या एका शोधनिबंधानुसार उघड्यावरील संसर्गाचा वाटा एकूण नोंदींच्या दहा टक्क्यांहून कमी आहे. या आकड्यांना मर्यादा आहेत, हे सांगितलेच पाहिजे. उद्यानात शेजारून गेलेल्या अनोळखी माणसाकडून झालेला संसर्ग सहसा कोणाच्या नोंदीत येत नाही, आणि ही बहुतेक माहिती ‘डेल्टा’ सर्वत्र पसरण्यापूर्वीची आहे. तरीही फरक एवढा मोठा आहे की या त्रुटी धरूनही निष्कर्ष उलटत नाही.

आता क्रिकेटच पाहा. साठ मीटर त्रिज्येचे मैदान म्हणजे सुमारे ११,३०० चौरस मीटर जागा. तिच्यात अकरा क्षेत्ररक्षक, दोन फलंदाज आणि दोन पंच धरले तरी माणशी साडेसातशे चौरस मीटर वाट्याला येतात. तुमच्या संकुलातील मैदान याच्या चौथाई असले तरी शहरातल्या कुठल्याही वर्गखोलीशी, दुकानाशी किंवा लिफ्टशी त्याची तुलना होऊ शकत नाही. धोका उरतो तो खेळाच्या कडेला: डाव संपण्याची वाट पाहत एकाच बाकावर खेटून बसलेली मुले, एकाच बाटलीतून पाणी पिणे, सामन्यानंतर कोणाच्या तरी घरी जमणे. समितीत भूमिका मांडताना हाच मुद्दा धरा. आधी महापालिकेचा चालू आदेश पाहून त्यात मिळणाऱ्या वेळेत मैदान उघडावे. मुलांचे ठरलेले गट करावेत, त्यांची नावे वहीत नोंदवावीत आणि घरात कोणाला ताप असेल तर त्या घरच्या मुलाने येऊ नये. एखादे मूल बाधित निघालेच, तर वहीवरून त्याच्या गटातल्या आठ-दहा घरांना त्याच दिवशी कळवता येईल. जिन्यातल्या घोळक्याची अशी वही कोण ठेवणार?

प्रश्न : एप्रिलमध्ये माझे थोरले बंधू गेले. प्राणवायूची खाट मिळावी म्हणून आम्ही दोन दिवस शहर पालथे घातले. अशा काळात लोकांना खेळ सुचतो याचेच मला आश्चर्य वाटते. आयपीएलमधील खेळाडूंच्या सतत चाचण्या होत होत्या, ते सुरक्षित कवचात होते, तरी ती स्पर्धा ४ मे रोजी थांबवावी लागली. मग गल्लीतल्या मुलांची हमी कोण देणार? खेळ सहा महिने थांबल्याने कोणाचे काय बिघडते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या बंधूंच्या जाण्याचे मला मनापासून दुःख आहे. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्या दिवसांत मोठ्या निर्बंधांवाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा घराबाहेर पडणे सरसकट थांबवले गेले, त्याचा हेतू मी समजू शकतो. माझा आक्षेप आहे तो निर्बंध शिथिल करताना लावलेल्या क्रमाला.

जून २०२१ च्या तिसऱ्या स्तरात काय चालत होते ते पाहा. उपाहारगृहात निम्म्या क्षमतेने, मुखपट्टी काढून, छपराखाली बसून दुपारी चारपर्यंत जेवता येत होते. व्यायामशाळाही निम्म्या क्षमतेने आणि वातानुकूलन बंद ठेवून चारपर्यंत चालू ठेवता येत होत्या. सार्वजनिक मैदानावर चालायला, धावायला, सायकल चालवायला मात्र पहाटे पाच ते नऊ एवढीच मुभा होती. ज्या जागेत धोका जास्त, तिला दिवसाचा मोठा भाग आणि ज्या जागेत तो सर्वांत कमी, तिला चार तास. उपाहारगृहावर अनेकांचे पोट आहे, म्हणून ते उघडले हे योग्यच झाले. पण म्हणून मैदानावर वेळेचा एवढा आखडता हात ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.

विशेष म्हणजे आदल्या वर्षी आपल्याच राज्याने याहून शहाणा क्रम लावला होता. ‘पुनश्च हरिओम’ म्हणून जी पहिली शिथिलता ३ जून २०२० पासून आली, तिच्यात समुद्रकिनारे, मैदाने आणि उद्याने पहाटे पाच ते सायंकाळी सातपर्यंत वैयक्तिक व्यायामासाठी खुली झाली. ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी मिळाली. त्या यादीत गोल्फ, टेनिस, उघड्यावरील बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स यांच्याबरोबर मल्लखांबही होता. व्यायामशाळांना त्यानंतर दसऱ्यापर्यंत, २५ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. आधी उघडी जागा, मग बंद जागा, आधी एकट्याचा खेळ, मग संघाचा, असे ते सरळ सूत्र होते. इंग्लंडनेही २०२१ मध्ये तेच केले: २९ मार्चला मैदानी खेळ, १२ एप्रिलला दुकाने आणि व्यायामशाळा, १७ मे रोजी उपाहारगृहांच्या आत बसून जेवण. त्यांचे लसीकरण आपल्याहून पुढे होते हे खरे, पण लस कमी असेल तेव्हा तर कमी धोक्याची गोष्ट आधी उघडण्याची गरज अधिकच असते.

आयपीएलचे उदाहरण गल्लीतल्या खेळाला लागू करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती स्पर्धा शेकडो माणसांचा ताफा एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने, बसने नेत होती आणि हॉटेलांत उतरवत होती. इंग्लंडमधील रग्बीच्या एका अभ्यासाने नेमका हाच भेद दाखवला आहे. चार सामन्यांत आठ बाधित खेळाडू नकळत खेळले होते. रग्बीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातही पुढच्या संसर्गाचा माग मैदानापेक्षा एकाच मोटारीतून केलेला प्रवास, क्लबमधील भेटीगाठी आणि समाजातील प्रसार यांकडेच गेला. याउलट बंदिस्त जागेतील खेळाचे अनुभव काळजी वाढवणारे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातील एका बर्फाच्या बंदिस्त मैदानावर झालेल्या आइस हॉकीच्या सामन्यानंतर बावीसपैकी चौदा खेळाडू आजारी पडले. दक्षिण कोरियात नृत्य-व्यायामाच्या वर्गांतून सुरू झालेली साखळी ११२ जणांपर्यंत पोहोचली.

एका बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. प्रेक्षक नकोत, एकही नको. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील मिलानमध्ये बेर्गामो शहराचा अतालांता आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया या संघांचा फुटबॉल सामना झाला. बेर्गामो परिसरातून सुमारे चाळीस हजार लोक तो पाहायला गेले आणि काही आठवड्यांतच बेर्गामो युरोपातील सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक ठरले. त्या प्रसाराला सामना हे एकच कारण नव्हते, पण भरलेल्या गाड्या, उपाहारगृहांतील गर्दी आणि हजारोंचा जल्लोष यांची किंमत काय असू शकते हे तिथे दिसले. म्हणून स्पर्धा, बक्षीस समारंभ, चषकाच्या मिरवणुका बंदच ठेवाव्यात.

“कोणाचे काय बिघडते” याचे उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. तालुक्याच्या क्रीडा संकुलाचे दार बंद असल्याने आम्ही मुले पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने धावतो. ट्रक अगदी अंगावरून जातात. गोळाफेकीचा सराव तर पूर्ण थांबला आहे. वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही. आम्ही कोणाकडे दाद मागावी? (एक उमेदवार, बीड जिल्हा)

उत्तर : तुमच्यासारखी पत्रे मराठवाड्यातून आणि विदर्भातून अनेक आली आणि ती वाचताना शासनाने या मुलांचा विचारच केला नाही असे सारखे वाटत राहिले. सोळाशे मीटरची धाव आणि गोळाफेक यांवर ज्याची नोकरी आणि अनेकदा घरच्या शेतावरचे कर्जही अवलंबून आहे, त्याच्यासाठी मैदान ही करमणुकीची जागा नाही. एकट्याने धावण्यात विषाणूचा धोका जवळपास नगण्य असतो. महामार्गावरच्या ट्रकचा धोका मात्र रोजचा आहे.

निर्बंधांचे आदेश साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ यांखाली निघाले, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यामुळे तहसीलदारांमार्फत त्यांच्याकडेच लेखी अर्ज करावा. एकेकट्याने न जाता वीस-पंचवीस उमेदवारांनी सह्या करून जावे आणि फक्त मागणी न करता योजना द्यावी: कोणता गट किती वाजता येणार, नोंद कोण ठेवणार, गोळा प्रत्येक गटाचा वेगळा कसा राहणार. पाच ते नऊ ही वेळ जून २०२१ च्या आदेशात होती. संकुल त्या वेळेतही बंद असेल, तर ते कोणत्या आदेशानुसार बंद आहे हे लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

वेळ वाढवून मागताना गर्दीचा मुद्दा जरूर मांडा. अनेक मैदानांची चारपैकी तीन फाटके बंद ठेवून एकच अर्धवट उघडलेले असे आणि सकाळी पावणेनऊला आत असलेले सगळे, चालणारी ज्येष्ठ मंडळी, धावणारी मुले, सायकलवाले, त्याच अरुंद फटीतून एकमेकांना घासत बाहेर पडत. तास कमी केले म्हणजे माणसे कमी होत नाहीत, ती दाटीने येतात.

आणखी एक सूचना वडीलकीच्या नात्याने करतो. तुमच्यापैकी काही जण अकादमीच्या खोल्यांत दहा-दहा जण राहत असतील, तर खरी काळजी तिथे घ्या. खिडक्या उघड्या ठेवा आणि ताप आलेल्याला त्याच दिवशी वेगळे ठेवा. अठरा वर्षांवरील सर्वांना २१ जून २०२१ पासून केंद्राची मोफत लस खुली झाली, तीही मिळेल तेव्हा लगेच घ्या.

प्रश्न : मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे. क्रिकेटला आणि टेनिसला परवानगी मिळते, मग मातीवरच्या कबड्डीवरच अन्याय का? आमचा खेळही उघड्यावरचाच आहे. (एक प्रशिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : कबड्डीवर माझे प्रेम आहे, तरी तुमच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. तेरा बाय दहा मीटरच्या अंगणात चढाई करणारा गडी तीस सेकंद मोठ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत असतो आणि पकड झाली की चार-पाच जणांच्या मिठीत त्याचा श्वास थेट त्यांच्या तोंडावर येतो. उघड्या आभाळाचा फायदा एवढ्या जवळ आल्यावर फारसा उरत नाही. कुस्तीलाही हेच लागू आहे आणि तालमीच्या कमी खिडक्यांच्या खोलीत तर अधिकच. म्हणून झटापटीचा सराव जिल्ह्यातील चाचण्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांखाली स्थिरावेपर्यंत थांबवावा, असे माझे मत आहे. रत्नागिरीत जून २०२१ अखेर ते उतरलेले नव्हते.

पण याचा अर्थ मुलांना घरी बसवा असा नाही. धाव, उड्या, पायांची चपळाई, दोरीवरचा आणि जोर-बैठकांचा व्यायाम, चढाईचे पदलालित्य हे सगळे अंतर राखून करता येते. कोकणातल्या या पावसात छपराखाली सराव घेण्याचा मोह होईल, तो मात्र टाळावा. अन्याय झाला असेल तर तो एवढाच की परवानगीच्या आदेशांत ‘झटापटीशिवायचा सराव’ असा वेगळा वर्ग कोणी केलाच नाही. तो करावा, अशी मागणी कबड्डीच्या संघटनांनी जरूर करावी.

प्रश्न : चेंडूला अनेकांचे हात लागतात, त्यातून संसर्ग होत नाही का? धावताना मुखपट्टी लावावी का? आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलीला मैदानावर कधी पाठवावे? (एक आई, सोलापूर)

उत्तर : चेंडूची भीती बाळगू नये. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले की पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहून कमी आहे. चेंडूला थुंकी लावण्याची सवय मात्र मोडावीच. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. जोराचा व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले आहे. बाकावर बसताना आणि जाता-येता ती लावावी.

मुलीच्या बाबतीत घाई करू नका. लक्षणे सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस पूर्ण विश्रांती, त्यानंतर औषधांशिवाय सलग सात दिवस एकही लक्षण नसणे, आणि मग आधी चालणे, नंतर हलके धावणे, शेवटी खेळ, असा क्रम ठेवावा. धावताना छातीत दुखले, धडधड वाढली, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा लवकर दम लागला तर खेळ त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आजारात तिला रुग्णालयात दाखल करावे लागले असेल, तर मैदानावर पाठवण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी.